आतला मुकादम

३ मार्च २०१०

डॉक्टर म्हणाला, काका, जे जे वाटेल ते एका वहीत लिहीत जा. म्हटलं, मला काही वाटत नाही. तर म्हणतो, तेच लिहा. एवढ्यासाठी हा सात वर्षं शिकला!

हा डॉक्टर म्हणजे बुलढाण्याचा अल्तमश. वय बत्तीस. त्याचे वडील अब्दुल गनी आमच्या विहिरीवरची मोटर दुरुस्त करायचे, आणि दुरुस्त केलेली मोटर आठ दिवसांत परत बसायची. पोरगा आता माणसं दुरुस्त करतो. बघू किती दिवस चालतात.

तर लिहितो. लघवीच्या जागेजवळ गाठ. औरंगाबादच्या मोठ्या डॉक्टरांनी तुकडा काढून तपासला. ऑपरेशन नको म्हणाले, दर तीन महिन्यांनी इंजेक्शन. गाठ म्हणे पुरुषी हार्मोनवर पोसते, तो बंद केला की तिची उपासमार. मी विचारलं, "आणि आमचं काय?" मोठे डॉक्टर पंख्याकडे पाहायला लागले. पहिलं इंजेक्शन शनिवारी तिथंच घेतलं.

एकतीस वर्षं कृषी सहायक होतो. रिटायर व्हायच्या आधीपासून घरच्या चार एकरांत कंपनीसाठी कपाशीचा सीड प्लॉट घेतो. त्यात काम एकच. दुपारनंतर बायकांनी मादी ओळीतल्या कळीचा नर नखानं खुडायचा, वर लाल कागद लावायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी नर ओळीतल्या फुलाचा पराग लावायचा आणि देठाला दोरा बांधायचा. दोऱ्याचं बोंड तेवढं बियाण्याचं. आजवर किती लाख कळ्यांचे नर काढून घेतले असतील, हिशेब नाही. आता पाळी माझी आली. देवाला विनोद कळतो म्हणायचा.

११ मार्च

अंगातून वाफा निघतात. पाठ, मान, कान — जणू कुणी चुलीजवळ नेऊन बसवलं. दोन मिनिटांत घाम, मग हुडहुडी. बनियन दिवसाला तीन.

रुखमाला सांगितलं. बायकोनं काळजी करावी की नाही? ती हसली. पदर तोंडाला लावून हसली. "आता समजलं? मले व्हायचं तवा म्हनत होते, नाटकं करून राह्यली."

म्हणालो असेन. आठवतं. म्हणालोच होतो.

२४ मार्च

काही नाही. घाम.

६ एप्रिल

आज एक गोष्ट लक्षात आली आणि मी बेचैन झालो.

माझ्या आत एक माणूस आहे. होता. चौथीत असल्यापासून. समोर कुणीही आलं की तो बोलायला लागायचा — बघा, आले शहाणे. बघा चाल. बघा शर्ट. मी त्याला आतला मुकादम म्हणतो, कारण तो स्वतः काही करत नाही, नुसती दुसऱ्यांची कामं तपासतो. ऑफिसात, बाजारात, मयतीत, लग्नात — साठ वर्षं त्याची बडबड चालू. तोंडावाटे मी त्यातला दहावा हिस्साच बोलायचो, तरी गावात मला 'विंचू' म्हणतात.

आज देऊळघाटच्या स्टँडवर चहाला बसलो होतो. समोरून तुळशीराम गेला. त्यानं दिवाळीत बैलजोडी विकली आणि नवा मोबाईल घेतला. एरवी आत लगेच सुरू झालं असतं — आता मोबाईलला जुंपतो वखराला! पण आज तुळशीराम गेला. एवढंच. गेला. त्याची वहाण तुटलेली होती आणि तो पाय ओढत होता, ते दिसलं.

वरचं ते वखराचं वाक्यसुद्धा आता इथं बसून, डोकं खाजवून तयार केलंय. आपोआप आलेलं नाही.

मी अर्धा तास तसाच बसलो. माणसं येत होती, जात होती. आत सामसूम. लोक ज्याला मनःशांती म्हणतात आणि जिच्यासाठी शेगावला रांगा लावतात ती हीच असेल, तर तिच्याइतकी कंटाळवाणी वस्तू दुसरी नाही.

आणखी एक. चौदाव्या वर्षापासून डोक्याच्या मागच्या खोलीत बायकांची ये-जा असायची, या वयातही. तीही बंद. त्याचं दुःख होईल असं वाटलं होतं, झालं नाही. मुकादम गेल्याचं मात्र झालं.

१८ एप्रिल

रडलो. लिहायलाच बसलोय तर लिहितो.

कशावर? टीव्हीवर कीटकनाशकाची जाहिरात होती. एक गुळगुळीत शेतकरी हिरव्यागार कपाशीत उभा राहतो आणि मुलीच्या खांद्यावर हात ठेवतो. कपाशीचं बीटी बियाणं आलं तेव्हा हीच मंडळी सांगत फिरत होती की आता फवारणी संपली. आता पिठ्या ढेकूण आला, रस शोषणाऱ्या किडी आल्या, पूर्वीपेक्षा जास्त डबे खपतात. सगळं मला पाठ आहे. शिवाय त्या शेतकऱ्याच्या नखात मातीचा कण नव्हता. तरी डोळ्यांतून पाणी!

रुखमा भाजी निवडत होती. तिनं नुसता टीव्ही बंद केला. तिच्या जागी मी असतो तर वर्षभर पुरेल एवढा मसाला मिळाला असता.

२ मे

अल्तमशकडे. म्हणतो, होतं असं. काहींना रडू येतं, काहींचा राग जातो, काहींना नुसतं सुस्त वाटतं. औषध थांबलं की परत येतं.

"म्हणजे मुकादम परत येईल?"

"कोण मुकादम, काका?"

सोडून दिलं. मग विचारलं, "आणि या दिवसांत मी काहीबाही बोललो, तर जबाबदार कोण? मी की औषध?" तो हसला. "औषधावर ढकला बिनधास्त. मी लिहून देतो." बापाचा स्वभाव. मोटर जळाली की तेही म्हणायचे, विजेवर ढकला.

१९ मे

गोकुळ आज पुण्याहून आला. येताना औरंगाबादच्या दुकानातून दुसरं इंजेक्शन घेऊन. माझा मुलगा कॉम्प्युटरवर काम करतो आणि सगळ्या जगाची काळजी करतो. इंजेक्शन थर्मासमध्ये, थर्मासमध्ये बर्फ, वर टॉवेल गुंडाळलेला, बसमध्ये मांडीवर. लग्नातसुद्धा त्यानं नवरीला इतकं जपलं नव्हतं.

"बाबा, शेजारच्या फ्रिजमध्ये ठेवा. अल्तमशकडे नऊ दिवसांनी जायचंय ना?"

"हो, हो."

तो गेल्यावर थर्मास उघडला. आत बर्फाचं पाणी झालेलं, खोक्याला ओल, कागद फुगलेला. असली हेळसांड! दुकानदार औषधं विकतो की लोणचं? एकतीस वर्षं शेतकऱ्यांना एकच गोष्ट सांगत आलो — उन्हानं बी अर्धं मरतं, ओलीनं पुरतं मरतं. आणि शेजारच्या फ्रिजचा भरवसा काय, बारा-बारा तास लोडशेडिंग. दिवसा बर्फ, रात्री पाणी.

बाटली काढली, पुसली, सावलीत तासभर वाळवली. मग बियाण्याच्या पत्र्याच्या डब्यात ठेवली, तळाला चुन्याची पुरचुंडी, वर कोरडी राख, झाकणाला कापडाची पट्टी. डबा बियाण्याच्या खोलीत. या डब्यात तीन-तीन वर्षं बी टिकतं. दाखवा म्हणावं औरंगाबादवाल्याला.

२८ मे

दुसरं इंजेक्शन झालं. अल्तमशनं विचारलं, "नीट ठेवलं होतं ना, काका?" म्हटलं, "तुझ्यापेक्षा नीट. बियाण्यासारखं." त्याला बरं वाटलं.

बुलढाण्याची माणसं आपल्या थंड हवेचं कौतुक सांगून थकत नाहीत. आज त्या थंड हवेत रिक्षाची सीट इतकी तापली होती की मागच्या दांडीला धरून उभ्यानं आलो. घरी बियाण्याच्या खोलीचे पत्रे तडतड वाजत होते.

१५ जून

कृषी केंद्रापुढं बीटीच्या पाकिटांसाठी रांग. पोलीस लावलेले. एकाच नंबरचं बियाणं सगळ्यांना हवं, कारण मागच्या वर्षी कुणाच्या तरी साडूला चांगलं पिकलं. रांगेत दोन म्हातारे उन्हानं बसून गेले. मी सावलीतून पाहत होतो. आत काही उमटलं नाही. घरी आलो, माठातलं पाणी कळशीत भरलं, परत गेलो आणि रांगेत पाणी वाटलं.

हे कोण करतंय? मी तर नक्कीच नाही. विंचवानं पाणपोई घातली म्हणून उद्या गाव हसेल. काय करणार — इंजेक्शन.

आपला प्लॉट लावून झाला. मादीच्या चार ओळी, नराची एक.

९ जुलै

आठवडाभरात घाम आला नाही. शरीराला सवय झाली असावी. माणसाला कशाचीही सवय होते, बायकोची झाली तशी. दाढीही भराभर वाढतेय, दोन दिवसांत खुंट.

मुकादम काल दोनदा भुंकला. एकदा सरपंचावर, एकदा गोकुळच्या फोनवर. आनंद झाला. पण पहिल्यासारखी सलग बडबड नाही. बोलतो, मग थांबतो आणि मला बाहेरचं ऐकू येतं. औषध जबर आहे.

१ ऑगस्ट

कळ्या खुडायचं क्रॉसिंग सुरू झालं. चौतीस बायका. यंदाची मुकादम छकुली — वय बावीस, कानात मोबाईलची दोरी, तोंडात गाणं. हात चपळ आहे, डोळा नाही. संध्याकाळी मी ओळीतून फिरलो, पंचवीस लाल कागद उघडून पाहिले. सहा कळ्यांत नराचे दाणे तसेच! असं झालं तर कळी आपल्याच परागावर धरते, आणि बी बिघडतं.

छकुलीला बांधावरच्या निंबाखाली बोलावलं. तोंड उघडलं. ती खाली मान घालून उभी होती, आणि मला एकदम दुसरीच बाई दिसली, त्याच निंबाखाली तशीच उभी. मी म्हटलं, "उद्या नीट बघ." एवढंच म्हटलं. छकुलीनं कानातली दोरी काढली आणि मला बरं आहे ना म्हणून विचारलं.

जेवताना रुखमा म्हणाली, "शालूबाईले बोलवा. तिच्यावानी हात कोनाचा नाई. झालं गेलं सहा वर्सं झाले."

ताट सरकवलं. पाणी पिऊन उठलो.

३ ऑगस्ट

लिहितो. वही माझी आहे, कुणी वाचणार नाही.

२००४. बीटीच्या बियाण्याला सोन्याचा भाव होता, कंपन्या गावोगाव प्लॉट देत होत्या. शालूबाई माझी मुकादम. चाळीस बायका तिच्या शब्दावर यायच्या. तिनं खुडलेल्या कळीत भिंग घेऊनही दाणा सापडला नसता. वेचणीच्या शेवटी मला वजन कमी वाटलं. दोन ओळींत उशिराची बोंडं फुटलेली होती, बिनदोऱ्याची, क्रॉस न केलेली. ती वेगळी काढून साधा कापूस म्हणून विकायची असतात. मी ती वेचली. दोन टोपल्या. स्वतःच्या हातानं बियाण्याच्या ढिगात मिसळल्या. कृषी सहायक! शेतकऱ्यांना बियाण्याची शुद्धता शिकवणारा!

कंपनीनं बी लावून पाहिलं. लॉट फेल. त्यांचा साहेब आला, निंबाखाली सगळ्यांना बसवलं, विचारलं, कसं झालं. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "शालूबाईच्या हातानं नर राहिले." ती उभी होती. कमरेची दोऱ्याची गुंडी काढली, माझ्या पायाशी ठेवली आणि गेली.

त्यानंतर तिला कुणी मुकादम केलं नाही. सहा वर्षं लोकांच्या शेतात निंदायला जाते. पोरं तिला 'फेलवाली' म्हणतात. ते नावही माझंच. आतल्यानं सुचवलं, मी चहाच्या टपरीवर बोललो, गावानं उचललं.

या सहा वर्षांत मला हे कधी आठवलं नाही असं नाही. आठवायचं, पण आतला लगेच सुरू व्हायचा — ती तरी कुठं धुतल्या तांदळाची, बायका अशाच, कामचुकार. त्याच्या आवाजात ते बुडायचं. आता बुडत नाही. या इंजेक्शनच्या बाटलीवर हे कुठं लिहिलेलं असतं?

८ ऑगस्ट

गेलो.

शालूबाई ओट्यावर तुरीची डाळ पाखडत होती. मला पाहून सूप थांबलं नाही. मी उभाच. सांगून टाकलं — दोन टोपल्या मी मिसळल्या, तुझा दोष नव्हता.

सूप चालूच. मग म्हणाली, "मले ठाऊक हाये."

"काय ठाऊक आहे?"

"टोपल्या. म्या पाह्यल्या होत्या. एकाही देठाले दोरा नव्हता."

"मग तेव्हा का नाही बोललीस?"

आता सूप थांबलं. "तुमच्यापुढं बोलाची कोनाची टाप होती, साहेब? अन् बोलली असती तं ऐकलं कोनं असतं? तुमी शिकलेले. म्या अंगठाछाप."

मी म्हटलं, चूक झाली. असं काहीतरी म्हटलं. ती उठली, सूप भिंतीला टेकवलं.

"माह्या ओट्यावर सांगून मोकळे व्हाले आले काय? इथं कुत्रं बी ऐकाले नाई. ज्या निंबाखाली बोलले होते तिथंच सांगा. साऱ्या बाया पाह्यजेत. अन् तो कंपनीवाला बी. मंग येतो म्या कामाले. नाई तं रामराम."

रस्त्यानं येताना फार चिडलो. बाईची हिंमत! पण चिडणंसुद्धा घरापर्यंत टिकलं नाही.

१२ ऑगस्ट

नाही सांगणार. रुखमाला सगळं सांगितलं, तेवढं पुरे. ती ऐकून घेऊन गोठ्यात गेली आणि बराच वेळ आली नाही.

१३ ऑगस्ट

रुखमा बोलत नाही. ताट वाढते, बोलत नाही. आत आणि बाहेर दोन्हीकडे सामसूम. असं घर मी मागितलं नव्हतं.

१६ ऑगस्ट

सांगितलं.

कंपनीचा साहेब प्लॉट पाहायला येणार होता, तीन वाजता. बायका लाल कागद घ्यायला निंबाखाली जमल्या. मी छकुलीकरवी शालूबाईला निरोप धाडला. ती आली, लांब बांधावर उभी राहिली. जवळ आली नाही.

मी उभा राहिलो, आणि आतला मुकादम ओरडायला लागला. चांगला खणखणीत, जानेवारीतल्यासारखा. — खाली बस गाढवा. चाळीस वर्षांची अब्रू. बायका फिदीफिदी हसतील. प्लॉट जाईल. ती बघ कशी उभी आहे, जशी काही पाटलीण. — सगळं स्पष्ट ऐकलं. आणि त्याचं चालू असतानाच मी बोललो. दोन टोपल्या. बिनदोऱ्याची बोंडं. मी मिसळली. शालूबाईच्या कळीत एक दाणा नव्हता. 'फेलवाली' हे नाव मी पाडलं. फेल मी होतो.

कुणी हसलं नाही. छकुली तोंडाला हात लावून उभी. साहेबाच्या हातातलं पेन थांबलेलं.

शालूबाई बांधावरून उतरली. माझ्याकडे पाहिलं नाही. कागदांचा गठ्ठा उचलला आणि म्हणाली, "चला व बायाहो, उन्हं कलून राह्यले." ओळीला लागली.

नवल एवढंच वाटतं की आतला बंद होता तो नेमका आजच कसा सुटला? आणि सुटला तर त्याचं ऐकलं का नाही? इंजेक्शनचा असर उलटसुलट होत असेल. अल्तमशला विचारलं पाहिजे.

१७ ऑगस्ट

रुखमा बोलली. "भाजीत मीठ कमी झालं काय?" म्हणाली. कमी झालं होतं. मी म्हटलं, ठीक आहे. चाळीस वर्षांत हे पहिल्यांदा म्हटलं. तीही दचकली.

२१ ऑगस्ट

व्हायचं ते झालं. कंपनीच्या साहेबाचा फोन. "काका, हे तुम्ही कशाला बोललात? आता मला वर कळवावं लागेल. ज्यानं स्वतः भेसळ केली त्याचा यंदाचा माल घ्यायचा कसा?" मग आवाज खाली करून, "एक करा. लेखी द्या — आजारपणामुळे, औषधाच्या असराखाली गैरसमजातून बोललो. डॉक्टरचा कागद जोडा. पाच तारखेच्या आत. फाईल मिटवतो. आणि त्या बाईला मुकादम ठेवू नका, तिच्या नावावर फेल लॉट आहे."

एरवी असल्या पोराला मी फोनवरच सोललं असतं. आज ऐकून घेतलं.

कारण तो चूक नाही बोलला. मी असराखालीच होतो. धडधाकट माणूस सहा वर्षांपूर्वीचं गाडलेलं मढं स्वतः उकरत नाही. दारूच्या नशेत झालेला सौदा कुणी मानत नाही, मग इंजेक्शनच्या नशेतलं बोलणं का मानावं? आणि अल्तमश कागद द्यायला तयारच आहे, मेमध्येच म्हणाला होता.

२७ ऑगस्ट

शालूबाईच्या ओळी पाहिल्या. पन्नास कागद उघडले. एक दाणा नाही. छकुली तिच्या मागे-मागे फिरते, नख कसं लावायचं ते शिकते. कानात दोरी नाही. एका बाईच्या तोंडून चुकून 'फेलवाली' निघालं, तर दुसरीनं तिच्या पाठीत धपाटा घातला.

कागद दिला की हे सगळं जाईल. तिला परत कमरेची गुंडी काढावी लागेल. वाईट वाटेल तिला. मलाही वाटतं, पण माझं वाटणं आता कोण मोजतो? तेही बाटलीतलंच. तीन महिन्यांनी, सहा महिन्यांनी औषध थांबलं की मी परत मी होईन. तेव्हा चार एकर असेल आणि प्लॉट नसेल, आणि तो खरा अर्जुनराव मला विचारेल, कुणाला विचारून घालवलास?

रुखमाला कागदाचं सांगितलं. ती फक्त म्हणाली, "इंजेक्शनानं माणूस खरं बोलत असंन तं साऱ्या गावाले टोचून आना."

विनोद चांगला होता. हसलो नाही.

३० ऑगस्ट

बुलढाणा. तिसऱ्या इंजेक्शनच्या आधी रक्त तपासायचं म्हणून दिलं. रिपोर्ट शनिवारी. कागदाचं बोललो. अल्तमश म्हणाला, "मजकूर तुम्ही लिहून आणा काका, मी सही-शिक्का मारतो." लिहिला. चार वेळा फाडला, पाचव्यांदा लिहिला. 'औषधाच्या परिणामामुळे मनावर ताबा न राहून.' सरकारी नोकरीत अशी वाक्यं खूप लिहिली आहेत, ती लिहिताना हात कधी अडला नव्हता.

४ सप्टेंबर

मजकूर खिशात होता. अल्तमशनं रिपोर्ट दोनदा वाचला. पुरुषी हार्मोन कुणाही धडधाकट म्हाताऱ्याइतका. गाठीचा आकडा थोडा वर. "काका, मेचं इंजेक्शन लागूच पडलं नाही. पहिल्याचा असर फार तर जूनअखेरपर्यंत. कुठं ठेवली होती बाटली?"

सांगितलं. पुसली, वाळवली, राखेत, पत्र्याच्या खोलीत, नऊ दिवस. त्यानं कपाळाला हात लावला. मग स्वतःच्या फ्रिजमधलं इंजेक्शन दिलं, आणि शिक्का हातात घेऊन म्हणाला, "आणा तो कागद."

म्हटलं, राहू दे.

जुलै-ऑगस्टमध्ये माझ्या अंगात कुठलंच औषध नव्हतं. निंबाखाली बोलला तो मीच.